शेंडीवालीची अर्धल

माझ्या लेकीने कोंबडी सुधारायला घेतली तेव्हा मी तिला वेडी म्हटलं होतं. कोंबडी म्हणजे काय गाय आहे, वळू बघून जात धरायला? ती उकिरडा उकरते, अंडं देते आणि पाहुणा आला की पातेल्यात जाते. मी जन्मभर हेच बघत आले होते.

मोशीला आमच्या घरामागे तेव्हा बरीच मोकळी जागा होती. आता तिथे एका बाजूला सोसायटीची भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला पार्किंगचा पत्रा. मधे जेवढं उरलं आहे तेवढ्यात माझं खुराडं. मुलगा पिंपळे सौदागरला फ्लॅटमध्ये राहतो. दर सणाला म्हणतो, "आई, चल आता तिकडं." मी विचारते, "आन् कोंबड्या?" तो म्हणतो, "सोसायटीवाले ऐकणार न्हाईत." मग मी जात नाही. एवढ्यावर विषय संपतो.

लेक धाकटी. बारावी झाल्यावर ती चाकणला एका कंपनीत लागली. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम. शिफ्ट बदलत राहायची. कंपनीची बस नाक्यावर सोडायची आणि ही पोरगी घरात येऊन तोंड धुवायच्या आधी मागे खुराड्याकडे जायची. बरोबरीच्या पोरींनी पहिल्या पगारात ड्रेस घेतले. हिने चाकणच्या बाजारातून एक कोंबडा आणला. अंगाने थोराड, रंगाने कबरा, आणि डोक्यावर लाल तुऱ्याच्या मागे पिसांची एक शेंडी.

"ह्यो कशाला?" मी विचारलं.

"याच्या जातीच्या कोंबड्या मोठं अंडं देतात."

"आन् बसत न्हाईत. अंडं टाकतात आन् निघून जातात. पिलं काय तू उबवणार हायेस?"

"म्हणून तर आपल्या कोंबड्यांत सोडायचा. आई, मला दोन्ही पाहिजे. अंडं पण मोठं पाहिजे आणि अंड्यावर बसली पण पाहिजे."

"व्हय. तुझ्या सासरचे पण असंच म्हणतील. सून कंपनीत पण गेली पाहिजे आन् घरी पण बसली पाहिजे."

ती हसली. पण कोंबडा सोडलाच.

आमच्या मूळच्या कोंबड्या सासूबाईंच्या वेळच्या. बारीक अंगाच्या, अंडं लहान, पण बसायला पक्क्या. आमच्याकडची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे तिला अंड्यांवर बसायची ओढ लागली, की तिला उठवणं माणसाच्या हातात नसायचं. घरातली परात तिच्या अंगावर पडली तरी हलायची नाही. बाजारच्या कोंबड्यात हे नव्हतं. त्याच्या पहिल्या पिलांतल्या माद्या मोठ्या झाल्या, चांगली मोठी अंडी दिली, आणि एकही बसली नाही. एक बसली होती, दुसऱ्या दिवशी उठून दाणे खायला गेली आणि परत आली नाही. मी म्हटलं, कापू या. लेकीने त्यातल्या दोन निवडून ठेवल्या, त्यांना आमचा जुना कोंबडा दिला, आणि बाकीच्या स्वतःच माझ्या हातात आणून दिल्या. तिला त्याचं काही वाटायचं नाही. कोंबड्या पाळणारी माणसं कोंबडीसाठी रडत नाहीत.

असं तिने बरीच वर्षं केलं. पिलं फुटली की एकेक हातात घ्यायची आणि डोक्यावरून अंगठा फिरवायची. शेंडीच्या जातीचं पिल्लू जन्मतःच कळतं. डोक्यावर लोकरीखाली हरभऱ्याच्या डाळीएवढा उंचवटा असतो. डोळ्यांना पटकन दिसत नाही, अंगठ्याला लागतो. तो लागला की ती नुसती "हं" म्हणायची आणि पिल्लू वेगळं ठेवायची. हळूहळू मीही अंगठा फिरवायला लागले. दुसरं काम काय होतं मला.

मग एक तलंग निघाली, तलंग म्हणजे तरणी, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. कबरी, शेंडीवाली. अंडं द्यायला लागली तर मुठीत मावेना. चार महिने अंडी दिली आणि एके दिवशी भुसा घातलेल्या पाटीतून उठलीच नाही. पिसं फुलवून बसली, जवळ गेलं की घशातून खरखर आवाज. लेक कामावर होती. ती बसमधून उतरली तेव्हा मी दारातच उभी होते.

"तुझी शेंडीवाली खुडूक झालीये," मी म्हटलं.

खांद्यावरची पर्स न काढता ती पाटीपुढे जाऊन बसली. हात घातला तर कोंबडीने असली चोच मारली की रक्त आलं. तो हात तिने मला दाखवला. "बघ आई. कसली मारतीये बघ." तिला इतकी खूश मी तिच्या लग्नातही पाहिली नाही.

लग्न चाकणच्या पलीकडच्या एका गावात झालं. जावई पण कंपनीतलाच. ती सासरी गेली तेव्हा शेंडीवाली आणि तिच्याच जातीचा एक कोंबडा आणि काही तलंगा मी तिला अर्धलीने दिल्या. आमच्याकडे बायका एकमेकींना कोंबडी फुकट देत नाहीत, विकतही नाहीत. अर्धलीने देतात. जिने पाळली तिने खाऊ घालायचं, पिलं झाली की निम्मी तिची आणि निम्मी देणारीची. कोंबडी मेली तर कोणी कोणाला बोलायचं नाही. यात शहाणपण आहे. एका घरी रोग पडला तरी दुसऱ्या घरी बी शिल्लक राहतं. आणि वाटा द्यायला यावं लागतं. लेक सासरी दिली की दोन घरांत कारण लागतं, आणि कारण माणसापेक्षा कोंबडीचं बरं.

"मला पण अर्धलीने?" ती म्हणाली होती. "आई, मी लेक आहे तुझी."

"म्हणून तर. दुसरीला दिली असती तर वाटा आणून देईल का न्हाई कोण सांगणार."

ती आणायची. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पिलं घालून, सुट्टीच्या दिवशी बसने. मागच्या दारात आम्ही खोकं उघडायचो आणि आळीपाळीने उचलायचो. एक तुझं, एक माझं. ती बोलत बोलत सगळ्यात चांगलं पिल्लू तळव्याखाली झाकायची.

"हात काढ."

"कुठला हात?"

"उजवा. सासरी जाऊन चोरी शिकलीस व्हय?"

"माहेरीच शिकले. तू मागल्या वेळी दोन झाकली होतीस."

खरं होतं ते.

मग ती गेली. चाकणच्या रस्त्यावर, कंपनीतून स्कूटीवर घरी येताना, कंटेनरखाली. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. तिला मूल नव्हतं. लोक मला म्हणाले, मूल नव्हतं हे एका अर्थी बरं झालं. लोकांना काहीतरी बोलावं लागतं.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी माझ्या खुराड्यात मानमोडी आली. कोंबडीची मान पिळवटते, ती एकाच जागी गोल फिरते आणि पडते. लेक दर काही महिन्यांनी जनावरांच्या दवाखान्यातून औषध आणून एकेक कोंबडी मांडीत धरायची आणि डोळ्यात थेंब टाकायची. त्या वर्षी थेंब टाकायला कोणी नव्हतं. आठवडा संपायच्या आत खुराडं रिकामं झालं. मी खड्डा केला, वर चुना टाकला. मला तेव्हा फार वाईट वाटलं नाही. बी तिकडे शिल्लक आहे, हे मला माहीत होतं. अर्धल त्याचसाठी असते.

जावयाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. वर्षाच्या आत नाहीतर मग तीन वर्षं थांबा, अशी आमच्यात रीत आहे. त्याच्या जागी माझा मुलगा असता तर मीही त्याला उभं केलं असतं. मला आमंत्रण आलं होतं. मी गेले नाही. उन्हं तापायला लागली तेव्हा गेले. मला कोंबड्या हव्या होत्या.

विहीणबाई दारातच लसूण सोलत बसल्या होत्या.

"या. लय दिवसांनी वाट सापडली."

"वाट तीच हाय. माझ्या कोंबड्या बघायला आले."

"कोंबड्या! मला वाटलं आमाला बघायला आल्या."

"तुमाला काय बघायचं. तुमी हाय तशाच हाय."

"बसा तरी. का कोंबड्या बघून उभ्या उभ्याच जाणार?"

मी बसले. चहा आला. परसात बघितलं तर दोनचार काळ्या कोंबड्या फिरत होत्या, उंच पायांच्या, आणि एक असील कोंबडा, झुंजीला लावतात तसला. आमच्यातलं कोणी दिसेना.

"कोंबडा कुठं माझा?"

विहीणबाईंनी चहा बशीत ओतला. "आवो, हळदीला पाहुणे किती झाले म्हणून सांगू. ब्रॉयलर कोण खातंय? ज्याला त्याला गावरानच पाहिजे."

"कोंबडा कापला?"

"कोंबडा काय, समदंच लागलं. दोन आधीच मुंगसानं नेल्या होत्या. आता नव्या सुनेच्या भावानं ह्या काळ्या दिल्यात."

"आन् शेंडीवाली?"

"ती तेवढी जांभळीच्या शेंड्यावर जाऊन बसली. पोरं चढली, दगडं मारली, हाताला लागली न्हाई. हाय आत. अंड्यांवर बसलीये."

तेव्हा चहा आणणारी नवी सून पुढे झाली. वयाने लेकीपेक्षा लहान. मराठवाड्यातली. गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा टाक होता. दुसरी बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते, आणि पहिलीचं माहेर तेच तिचं माहेर मानतात, अशी रीत. टाकावर बाईचं तोंड कोरलेलं असतं. ते माझ्या लेकीसारखं अजिबात नव्हतं. सोनार सगळ्यांची तोंडं एकसारखीच काढतो.

"आई, मी बसवली तिला," ती म्हणाली. "हळदीच्या नंतर पंधराएक दिवस अंडी देत होती. साठवून ठिवली मी. मंग खुडूक झाली."

"मला आई म्हणू नको. मावशी म्हण."

"बरं."

पण ती जे म्हणाली ते माझ्या डोक्यात बसलं. कोंबडा गेल्यावरही कोंबडी दहापंधरा दिवस भरलेली अंडी देत राहते. कोंबडा पोटात जाऊन पचला तरी त्याची पिलं होतात. म्हणजे शेंडीवालीच्या पोटाखाली होतं ते शेवटचं बी होतं. लेकीने इतकी वर्षं खपून काढलेलं, माझ्याकडून गेलेलं, त्या घरातून गेलेलं, ते सगळं त्या एका पाटीत होतं.

मी म्हटलं, "दाखव."

धान्याच्या खोलीत पाटी होती. मी दार लावायला सांगितलं आणि तिचा मोबाईल घेतला. लेक करायची तसं एकेक अंडं बोटांच्या वळ्यात धरून खालून बॅटरी लावली. शेंडीवालीने माझ्या मनगटाला चोची मारल्या. तिने मला ओळखलं वगैरे काही नाही. कोंबडी माणूस ओळखत असेल तर दाण्यापुरतं. अकरा अंड्यांतली दोन पांढरी निघाली, ती बाजूला केली. नऊ भरली होती. लाल शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका, तो हलत होता.

"अगं माय!" नवी म्हणाली. "हललं की वो ते."

"हलणारच. जित्तं हाय."

तिने तोंडावर पदर धरला आणि अंड्याजवळ वाकली. टाक अंड्यावर आपटणार म्हणून मी तो हाताने बाजूला केला. गरम लागला. अंगाच्या उबेचा.

खोलीबाहेर आले तर विहीणबाई म्हणाल्या, "झाली का खात्री? एका कोंबडीसाठी एवढी चाकणची गर्दी तुडवत आल्या."

मला राग आला. कोंबड्याचा राग होता, दगड मारणाऱ्या पोरांचा होता, आणखी कशाचा होता ते त्यांना नाही तर मला तरी माहीत होतं. मी दारात उभी राहून मोठ्याने म्हटलं, "माझा वाटा मला पाहिजे. पिसासकट पाहिजे. मी सोडणार न्हाई."

"न्या की मग! आमी काय धरून बसलोय व्हय?"

मी निघाले. बसलेली कोंबडी हलवू नये हे सांगायची गोष्ट नव्हे. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. म्हणून मी ते सांगितलं नाही. पिलं फुटू देत, दाणे टिपायला लागू देत, मग वाटा करू, हे माझ्या मनात होतं. निघताना नवीने वाकून नमस्कार केला, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बस धरली.

पुढचे दिवस मी खुराडं साफ केलं. जुना भुसा जाळला, भिंतीला चुना लावला, पत्र्याचं भोक बुजवलं. पिलांसाठी कणी निवडून डब्यात भरली. नऊतली निम्मी म्हणजे साडेचार. पाच मी मागणार होते, भांडून. त्यात एक नर निघाला आणि दोन माद्या निघाल्या तरी पुरे होतं. तेवढ्यावर पुन्हा उभं करता येतं. मुलाचा फोन आला तर मी त्याला म्हटलं, दिवाळीला अंडी देईन तुला, तुझ्या बहिणीची.  तो म्हणाला, "बरं, आई."

पिलं फुटायला चारपाच दिवस होते तेव्हाची गोष्ट. रविवार होता. भर दुपारी दार वाजलं. दारात नवी उभी. घामाने न्हालेली, चेहरा लाल झालेला, आणि काखेत जुन्या लुगड्यात घट्ट बांधलेली पाटी.

"मावशी, तुमचं तुमाला आणलं," ती म्हणाली. आणि हसली.

मी गाठ सोडली. आतून वाफ आली. शेंडीवाली चोच वासून धापा टाकत होती, पंख दोन्ही बाजूंना गळालेले. ती अंड्यांवर बसलेली नव्हती, उभी होती. पायाखाली तीन अंडी फुटली होती. बाकीची भुशात इकडे तिकडे गेली होती आणि हाताला नको इतकी गरम लागत होती.

"किती वेळ लागला?"

"चाकणच्या चौकात लई अडकले. रिक्षातून उतरून बसमधी बसले, तर बस हलंचना. उभीच होती उन्हात."

"तुला कोणी सांगितलं आणायला?"

"तुमीच म्हनलाव की, वाटा पाहिजे, पिसासकट." हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "आत्या म्हनल्या, देऊन टाक, रोजचं बोलणं नको. आन् मला बी वाटलं, पयल्यांदा माहेरी जायचं तर मोकळ्या हातानं कसं जावं."

"बसलेली कोंबडी हलवतात का गं?"

ती गोंधळली. "हलवतात की. आमी ऊसतोडीला निघालो की माय बसलेली कोंबडी पाटीसकट गाडीवर ठिवायची. पार कारखान्यापत्तुर. पिलं फडातच फुटायची. एक बी अंडं वाया जायचं न्हाई."

 ती खोटं बोलत नव्हती. बैलगाडीच्या चालीने, थंडीच्या दिवसांत, उघड्या हवेवर, आणि गाडीखालीच जन्मलेली, दर वर्षी गाडीवर चढणारी कोंबडी. ती बसत असेल. आमची शेंडीवाली कधी अंगणाबाहेर गेली असेल तर ती लेकीच्या लग्नात. आणि ही पोरगी, जिच्या आईबापाचं घर दर वर्षी दुसऱ्या गावच्या फडात, तिला दार असलेलं एक माहेर मिळालं होतं आणि ती तिथे काखेत सगळ्यात मोठी भेट घेऊन आली होती.

शेंडीवालीपुढे पाणी ठेवलं. ती खूप वेळ प्यायली. मग चालत खुराड्याच्या कोपऱ्यात गेली आणि पाटीकडे पाठ करून उभी राहिली. मी तिला उचलून अंड्यांवर ठेवलं. उठली. पाटी अंधारात नेली, वर बांबूचं डालं झाकलं. डाल्याच्या आत ती कडेला उभी राहिली. ज्या कोंबडीला उठवणं आमच्या हातात नसायचं तिला आता बसवणं हातात नव्हतं.

सहा अंडी राहिली होती. मी परातीत कोमट पाणी घेतलं. फुटायला आलेलं अंडं पाण्यात सोडलं आणि आतलं पिल्लू जिवंत असलं तर अंडं हलतं, पाण्यावर बारीक तरंग उठतो. ही आमची जुनी रीत, मोबाईलच्या आधीची. परात ओसरीवर ठेवली आणि दोघी दोन बाजूंना बसलो. अंडी तरंगत राहिली. पाणी निवत गेलं, काचेसारखं झालं. 

"हललं!" नवी म्हणाली. "मावशी, त्ये बगा, हललं!"

पाणी हललं होतं. रस्त्यावरून डंपर गेला होता. घराचे पत्रेही हलले.

डंपर गेल्यावर पाणी पुन्हा स्थिर झालं.  मग ती रडायला लागली, आधी आवाज न करता आणि मग आवाज करून. मी तिला गप्प बस म्हणाले नाही आणि जवळही घेतलं नाही. मला दोन्ही जमलं नाही.

तरी मी ती अंडी फेकली नाहीत. कोमट राखेत कापूस घालून ठेवली, बल्ब लावला. फुटायचा दिवस गेला. त्याच्या पुढचेही दिवस गेले. मी रोज एकेक कानाला लावायची. मग वास यायला लागला तेव्हा भिंतीशेजारी खड्डा केला आणि एकेक फोडून बघितलं. बघायला नको होतं, पण बघितल्याशिवाय कळत नाही.

पिलं पुरी झालेली होती. लोकर आलेली, नखं आलेली, चोचीच्या टोकावर कवच फोडायचा पांढरा काटा आलेला. मी एकेकाच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. सहाच्या सहा. सगळ्यांना शेंडी होती. लेकीला एका वेळी एवढी कधी मिळाली नव्हती. पाटीतली दोन शेंडीची निघाली तरी ती दिवसभर गाणं म्हणत फिरायची.

कोंबड्या पाळणारी माणसं कोंबडीसाठी रडत नाहीत, असं मी वर लिहिलं आहे. ते तसंच राहू दे.

त्या रविवारी नवी संध्याकाळच्या आत परत निघाली होती. जाताना मी तिची ओटी भरली. माहेरवाशीण रिकामी पाठवत नाहीत. तांदूळ, नारळ, खण. ओटी भरताना तिचा गळा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि त्यावर तो टाक. सोनाराने नाक फार मोठं काढलं होतं. माझ्या लेकीचं नाक बारीक होतं, माझ्यासारखं.

शेंडीवाली माझ्याकडेच राहिली. पिसं झडली, पुन्हा आली, पण अंडं तिने परत दिलं नाही. वय झालं होतं तिचं. थंडीत एका सकाळी खुराड्यात पडलेली सापडली. अंडं न देणारी कोंबडी मी आजवर कधी दोन महिन्यांवर ठेवलेली नाही, आणि मेलेली पुरायची ती फक्त रोगाने मेलेली. हिला कापली नाही. त्याच खड्ड्याशेजारी पुरली.

मला वाटलं आता तिकडचं येणं संपलं. कारणच राहिलं नव्हतं. पण संक्रांत झाल्यावर दार वाजलं तर नवी उभी. हातात पुठ्ठ्याचं खोकं, भोकं पाडलेलं.

"काय हाय?"

"अर्धल."

"कसली अर्धल? ह्या कोंबड्या तुझ्या भावाच्या. मी काय दिलं होतं त्यात?"

"खुराडं ताईचं हाय," ती म्हणाली. "पाटी बी ताईचीच हाय. आन् आता पिलं मोठी करून आणलीत. हलवली न्हाईत मधी."

मी तिला आत घेतलं. मागच्या दारात बसलो, खोकं उघडलं. काळी, लांब पायांची, तरतरीत पिलं. असील कोंबड्याच्या वळणाची. एक तुझं, एक माझं, असं मी तिला शिकवलं. ती लगेच शिकली.

आता ती येते अधूनमधून. मला मावशीच म्हणते. वाटा करताना ती चांगलं पिल्लू झाकत नाही. सगळ्यात चांगलं असेल ते उचलून आधी माझ्यापुढे ठेवते. मला ते बघवत नाही, पण हे तिला सांगून समजणार नाही, आणि समजलं तर ती मुद्दाम झाकायला लागेल, ते त्याहून वाईट.

मी प्रत्येक पिल्लू हातात घेते. त्या खोक्यात शेंडीचं काही असणार नाही हे मला माहीत आहे. मी त्यांच्या आया बघितल्या आहेत, बाप बघितला आहे. तरी डोक्यावरून अंगठा फिरवते. सपाट लागतं. पुढचं घेते, तेही सपाट. ती समोर बसून वाट बघते, कधी विचारत नाही. सगळी झाली की मी म्हणते, "सोड खाली, दाणे खाऊ देत."